एलएसडी आणि काकांची टाच

‘मला एलएसडी घ्यायचाय. तुझी मदत लागेल.’

शनिवारी सकाळी साडेआठ वाजता चुलतभावाने फोन करून असं सांगितलं तर तुम्ही काय कराल? मी आधी खोलीचं दार लावलं. रूममेटला ऐकू जाऊ नये म्हणून गॅलरीत गेले आणि एकदम काउन्सेलरच्या आवाजात विचारलं, ‘दादा, सगळं ठीक आहे ना? कामाचा फार स्ट्रेस आलाय का?’

पलीकडे सेकंदभर शांतता. मग जो काही हशा फुटला... ‘अगं मॅड, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल! गाडीचा पार्ट आहे!’

तर मंडळी, या आठवड्यात आपण गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध, अंधारात, तेलात बुडून बसलेल्या एका लोखंडी भोपळ्याबद्दल बोलणार आहोत. पान उलटू नका प्लीज. तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्येही असा एक ‘दादा’ नक्की असेल, ज्याने नव्या एसयूव्हीच्या पैशात सेकंडहँड जर्मन गाडी घेतलीय आणि जो लंच टाइमला हेच पुराण लावतो. निदान तो काय बोलतोय ते तरी कळेल!

आमच्या दादाची गाडी म्हणजे २०१४ ची बीएमडब्ल्यू ३२८ आय. २४५ हॉर्सपॉवर, ३५० न्यूटन मीटर टॉर्क आणि ही सगळी ताकद मागच्या चाकांना. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ती ताकद रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सुस्कारे टाकत बसते, तो भाग वेगळा. तीन अप्रेझल्सचे पैसे साठवून घेतलेली गाडी आहे. तिच्यात एलएसडी बसवायचं दादाच्या डोक्यात कुठून आलं, ते मला पक्कं ठाऊक होतं. कारण ते आलं त्या दिवशी मी शेजारच्या सीटवर, दोन्ही हातांनी सीटबेल्ट धरून बसले होते.

झालं असं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पुण्याहून मूलला निघालो होतो. मूल म्हणजे आमचं गाव, चंद्रपूर जिल्ह्यात. चंद्रपूरहून गडचिरोलीला जाणाऱ्या रस्त्यावरचं, राईस मिल्सचं गाव. (‘मूळ गाव मूल’ हा विनोद मी शाळेपासून ऐकतेय, तुम्ही करू नका.) पुण्याहून समृद्धीने नागपूर, मग उमरेड, भिवापूर, नागभीड, सिंदेवाही करत मूल. समृद्धीवर बीएमडब्ल्यू अशी चालली की मी चक्क दोन तास झोपले. नागभीड सोडलं, अंधारून आलं आणि पाऊस सुरू झाला.

सिंदेवाहीनंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल. एका वळणावरून बाहेर पडताना दादाने जरा जास्तच आत्मविश्वासाने ॲक्सिलरेटर दाबला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, इंजिनाने श्वास रोखला आणि गाडीचा मागचा भाग डावीकडे सरकला. फार नाही, हातभर असेल. पण मला तो एस टी स्टँडएवढा वाटला. दादाने गाडी सरळ केली. दोघंही काही बोललो नाही. पुढे दोनशे मीटरवर हेडलाइटच्या उजेडात चितळांचा कळप रस्ता ओलांडत होता. सात-आठ होती. शेवटचं पाडस मध्येच थांबून आमच्याकडे बघत होतं.

मूलपर्यंत त्याने गाडी चाळीसच्या वर नेली नाही.

आणि मग, घर दोन किलोमीटरवर राहिलेलं असताना, समोरून धानाच्या पोत्यांनी भरलेला ट्रक आला. त्याला साइड द्यायला दादाने डावी चाकं डांबरावरून खाली उतरवली. जुलैमधला झाडीपट्टीतला काळा चिखल तुम्ही पाहिला नसेल तर सांगते, तो चिखल नसतो, तो श्रीखंड असतो. डावं मागचं चाक रुतलं. उजवं मागचं चाक मात्र अर्धं डांबरावर, अगदी व्यवस्थित. दादाने रेस दिला. इंजिन आवळल्यासारखं झालं. त्याने बटण दाबून धरून ट्रॅक्शन कंट्रोल बंद केला आणि पुन्हा रेस दिला. आता डावं चाक गरगर फिरून चिखलाचं कारंजं उडवायला लागलं, मधून मधून खालून ब्रेक लागल्या-सुटल्याचा टकटक आवाज येत राहिला, थोड्या वेळाने तोही थांबला आणि जळका वास आला. उजवं चाक? ते शांत. जणू त्याचा या गाडीशी संबंधच नाही!

आता इथे थांबून त्या भोपळ्याचा फंडा समजून घेऊ, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

शाळेत परेडमध्ये आठ जणांची रांग वळायची तेव्हा काय व्हायचं आठवतंय? आतल्या टोकाचा मुलगा जागच्या जागी पाय आपटायचा आणि बाहेरच्या टोकाचा धावत सुटायचा. गाडीची चाकंही वळणावर तशीच. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच लोखंडी दांड्यावर घट्ट बसवली तर वळताना एक चाक घासत जाणार. म्हणून मध्ये डिफरन्शियल. इंजिनाची ताकद दोघांना द्यायची, पण ज्याला जेवढं पळायचंय तेवढं पळू द्यायचं. ओनेसिफोर पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी ही कल्पना बसवली, आणि दोनशे वर्षांनी आजही साध्या गाडीत मुळात तीच आहे.

फक्त तिच्यात एक मेख आहे. साधा, म्हणजे ज्याला ‘ओपन’ म्हणतात तो डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. सारखाच म्हणजे, जे चाक कमी पकडीत आहे ते जेवढा झेपवेल तेवढाच. चिखलातल्या चाकाला फिरायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, म्हणून डांबरावरच्या चाकालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. ऑफिसातल्या ग्रुप प्रोजेक्टसारखं. सगळ्यात ढिला मेंबर जेवढं काम करेल, तेवढाच प्रोजेक्ट पुढे जाणार.

असो. तर आम्ही पावसात उभे. दादा डिकीत टो हुक शोधतोय, मी फोनला रेंज शोधतेय. तेवढ्यात शेताकडून टक-टक-टक करत एक दिवा आला. आमचे काका! रोवणीचे दिवस, दिवसभर बांधीत चिखलणी करून लाल ट्रॅक्टरवर घरी निघाले होते. हा ट्रॅक्टर १९९८ चा, माझ्या आठवणीत तो कायम आहे.

काकांनी टॉर्च मारून आधी चाक बघितलं, मग दादाकडे बघितलं.

‘काउन बे, एकच चाक फिरून राहिलं ना! लॉक नाई का हिले?’

‘काका, ही ऑटोमॅटिक आहे. इलेक्ट्रॉनिक असतं सगळं.’

‘दिसून राहिलं,’ काका म्हणाले.

दोरखंड बांधला. ट्रॅक्टरने ओढायला सुरुवात केली, आणि अहो आश्चर्यम्, ट्रॅक्टरचंही एक मागचं चाक त्याच चिखलात घसरायला लागलं. मी मनात म्हटलं, झालं, आता ट्रॅक्टरला ओढायला कोण येणार? काकांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. त्यांनी वेग कमी केला आणि उजव्या पायाची टाच खाली कुठेतरी दाबली. खालून ‘खट्’ असा आवाज आला. ट्रॅक्टरची दोन्ही मागची चाकं एकदम, एका तालात फिरायला लागली. दहा सेकंदांत पंचेचाळीस लाखांची (नवी असतानाची हं, आमच्या दादाने त्याच्या फारच कमी दिले) बीएमडब्ल्यू डांबरावर.

रात्री पिठलं-भात खाऊन झाल्यावर काकांनी आम्हा दोघांना अंगणात नेऊन ते पेडल दाखवलं. ड्रायव्हरच्या उजव्या टाचेपाशी एक छोटं लोखंडी पेडल, तीस पावसाळे झेलून चकचकीत झालेलं. ते दाबलं की आत एक दातेरी कपलिंग सरकतं आणि दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. डिफरन्शियल बाद. पेडल सोडलं आणि चाकांवरचा ताण गेला की कपलिंग सुटतं. ‘सिद्ध्या लायनीतच दाबाचं,’ काका म्हणाले. ‘वळून राहिला अन् दाबलं, त एक त ट्रॅक्टर वळत नाई, नाईत आतले दाते जातेत.’

दादा हळूच म्हणाला, ‘आणि कधी खोलून दुरुस्त करावं लागलं?’

‘कायले? तेल बदलतो ना.’

पण खरी मजा पुढे आहे. ट्रॅक्टरला ब्रेकची पेडल्स दोन असतात. डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. रस्त्यावर चालवताना ती एका खिटीने जोडतात, शेतात सोडतात. काकांनी सांगितलं की लॉक लावायच्या आधी ते दुसरी एक युक्ती करतात: जे चाक नुसतंच फिरतंय, त्या एकट्याचा ब्रेक हलका दाबायचा. मग ते चाक अडतं, अडलं की त्याला जोर लागतो, आणि तेवढाच जोर दुसऱ्या चाकाला मिळतो. गाडी निघते.

दादा आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. कारण बीएमडब्ल्यूतला कॉम्प्युटर आमच्या गाडीखाली टकटक करत नेमकं हेच करत होता! फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक दाबायचा, दुसऱ्याला जोर द्यायचा. आजच्या बहुतेक गाड्यांच्या ब्रोशरमध्ये ‘ब्रेक लॉकिंग’, ‘इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल’ असं भारी नाव देऊन जे विकतात, ते म्हणजे काकांचा डावा ब्रेक. फक्त कॉम्प्युटर तो सेकंदाला कितीतरी वेळा दाबतो, आणि ब्रेक फार तापले की स्वतःहून थांबतो. आमच्या वेळी थांबला तसा.

तर अशा रात्रीनंतर दादाला एलएसडी हवा झाला. त्याचं लॉजिक सरळ होतं: चिखलात रुतलो, वळणावर घसरलो, दोन्हींवर एकच औषध. आणि फ्रीलान्सर असल्यामुळे मी कायम रिकामीच असते असा घरच्यांचा समज असल्याने, संशोधन माझ्याकडे!

पुढचे तीन वीकएंड मी गॅरेजेस पालथी घातली. पहिल्याच ठिकाणी (नाव सांगणार नाही, पाटी फार मोठी होती) एका उत्साही भाईने सांगितलं, ‘मॅडम, एवढे पैसे कशाला घालवता? आतले गिअर वेल्ड मारून देतो. दोन्ही चाकं कायमची लॉक. ड्रिफ्टवाले हेच करतात.’ खरंच करतात. बंद ट्रॅकवर, जुन्या टायरांचा ढीग घेऊन. पण रस्त्यावर वेल्ड केलेला डिफरन्शियल म्हणजे काकांचं पेडल कायमचं दाबून ठेवणं. प्रत्येक यू-टर्नला टायर घासणार, ॲक्सलच्या दांड्यांवर ताण येणार आणि ओल्या वळणावर गाडी सरळ जाण्याचा हट्ट करणार. मी तिथला चहा अर्धा टाकून निघाले.

मग कळलं की एलएसडी ही एक वस्तू नाहीच, ते आडनाव आहे. त्या घरात वेगवेगळ्या स्वभावाची भावंडं राहतात.

सगळ्यात जुनं आणि रेसिंगवाल्यांचं लाडकं म्हणजे क्लच प्लेटवालं. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांच्या ऑटो युनियन रेसकारमध्ये इतकी ताकद होती की दीडशेच्या स्पीडलाही आतलं चाक नुसतंच फिरायचं. तेव्हा त्यांनी १९३५ मध्ये झेडएफ कंपनीकडून घसरण आवरणारा डिफरन्शियल बनवून घेतला. आजच्या प्लेटवाल्यात बाइकच्या क्लचसारख्या चकत्यांचा गठ्ठा असतो. इंजिनाचा जोर आला की गठ्ठा दाबला जातो आणि दोन्ही चाकं एकमेकांना धरतात. फक्त रेस देतानाच धरायचं, की पाय काढल्यावरही धरायचं, हे ठरवता येतं. त्यालाच वन-वे, वन-पॉइंट-फाइव्ह, टू-वे म्हणतात. ट्रॅकवर याच्यासारखं सुख नाही म्हणे. ड्रेक्स्लर, ओएस गिकेन ही त्यातली मोठी नावं.

पण चकत्या म्हटल्या की झीज आली. घासूनच काम करायचं तर घासून संपणारही. हळूहळू पकड ढिली होते आणि एक दिवस तुमच्याकडे महागडा ओपन डिफरन्शियल उरतो. पुन्हा खोला, चकत्या बदला. तेलही खास लागतं, फ्रिक्शन मॉडिफायर घातलेलं, आणि ते वेळेवर बदलावं लागतं. वर सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी काढताना मागून कट-कट-कट असा आवाज येतो, तो वेगळाच. वॉचमन रोज विचारेल, ‘साहेब, गाडीला काय झालंय?’

दुसरं भावंड व्हिस्कस. त्यात घट्ट सिलिकॉनच्या तेलातून चकत्या फिरतात. वागायला गोड, पण वयाबरोबर तेलाचा दम जातो, आणि सीलबंद असल्याने दुरुस्तीपेक्षा बदलणंच होतं. टिकाऊपणाच्या यादीतून मी त्याला पहिल्या दिवशी काढलं.

तिसरं म्हणजे लॉकर. हे खरं तर एलएसडी नव्हेच, हे काकांच्या पेडलचं सख्खं भावंड. नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा थारच्या २०२० पासूनच्या काही व्हेरियंट्समध्ये ईटन कंपनीचा असा लॉक आहे. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि खट्, लॉक. टाचही नको. २०२४ च्या थार रॉक्सच्या फोर-बाय-फोरमध्ये तेच काम बटणावर आलं. चिखलासाठी यापेक्षा चांगलं काही नाही. पण हे सगळं कमी वेगात वापरायचं. ऐंशीच्या स्पीडने वळणाऱ्या सेडानला त्याचा उपयोग शून्य.

आणि चौथं हेलिकल. मी याच्या प्रेमात पडले, लपवत नाही.

याच्यात चकत्या नाहीत, सिलिकॉन नाही, लॉक नाही. नुसते तिरके दात असलेले गिअर, एकमेकांत गुंतलेले. व्हर्नन ग्लिझमन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९५८ मध्ये पेटंट घेतलेल्या डिझाइनमधून ‘टॉर्सन’ आला. टॉर्सन म्हणजे टॉर्क सेन्सिंग, टॉर्क ओळखणारा. तिरक्या दातांमुळे जोर आला की गिअर आपापल्या घराच्या भिंतींवर रेलतात, आणि ते रेलणंच एका चाकाला सुसाट सुटू देत नाही. जोर गेला की सगळे मोकळे. म्हणून यू-टर्नला आवाज नाही, धक्का नाही. तेलही साधंच गिअर ऑइल. चकत्यांसारखा संपून जाणारा भाग त्यात नाही, म्हणूनच ब्रिटिश क्वाइफ कंपनी आपल्या अशा डिफरन्शियलवर लाइफटाइम वॉरंटी देते. रोज ऑफिसला जाणाऱ्या, महिन्यातून एकदा ताम्हिणीत पळणाऱ्या गाडीला अजून काय हवं?

दादा एकदम खूश. ‘म्हणजे पुढच्या वेळी मूलच्या चिखलातून आरामात निघणार!’

नाही ना! इथेच तर गोची आहे.

हेलिकल डिफरन्शियल गुणाकार करतो. समजा त्याचा रेशो तीनास एक आहे. तर घसरणारं चाक जेवढा टॉर्क झेपवेल, त्याच्या तिप्पटपर्यंत तो दुसऱ्या चाकाला देऊ शकतो. ओल्या डांबरावर आतलं चाक शंभर झेपवत असेल तर बाहेरच्याला तीनशेपर्यंत, क्या बात है! पण चाक श्रीखंडात असेल किंवा हवेत उचललं गेलं असेल, तर ते झेपवतं जवळजवळ शून्य. आणि शून्याला तीनाने गुणा, तिसाने गुणा... (वेव्हट्रॅक नावाच्या एका अमेरिकन बनावटीत या शून्यावर उपाय म्हणून आत थोडा दाब तयार करायची सोय केलीय, पण तोही चिखलासाठी नाही.) अशा वेळी काय करायचं? ब्रेकवर हलका पाय ठेवून रेस द्यायचा, म्हणजे शून्याच्या जागी काहीतरी आकडा येतो. थोडक्यात, फिरून परत काकांचा ब्रेक.

म्हणजे ज्या चिखलामुळे हे खूळ डोक्यात आलं, त्या चिखलाला हे औषध लागू नाही. बरं, ते वळण? चितळांच्या अलीकडचं?

त्यावर मी एका जुन्या मेकॅनिककाकांशी बोलले. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, डिफरन्शियलकडे बघितलंसुद्धा नाही. टायरच्या बाजूवर बोट ठेवलं: २३१७. चार आकडी शिक्का, म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर दगड झालेलं. ‘गाडी घेतली तेव्हापासून हेच आहेत ना? ओल्यात घसरणारच.’ मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझ्या पोटात गोळा आला. ओपन डिफरन्शियलमध्ये आतलं चाक एकटंच फिरतं, बाहेरचं निदान गाडीची शेपटी धरून ठेवतं. एलएसडी असता, टायर हेच दगड असते, आणि दादाने तेवढाच रेस दिला असता, तर दोन्ही चाकं एकदम सुटली असती. कडक सेटिंगचा प्लेटवाला असता तर जास्तच. मला ते मधे थांबलेलं पाडस आठवलं.

दादाला मी हे फोनवर नाही, समोर बसून सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मला वाटलं होतं गाडीने साथ सोडली.’

आता तुम्ही म्हणाल, मग एलएसडीचं कॅन्सल? नाही! मी काही इतकी खडूस नाही. त्याच आठवड्यात चार नवे टायर आले. दोन महिने दादा नुसत्या नव्या टायरांवर चालवत होता, आणि प्रामाणिकपणे म्हणाला की अर्धी खाज तिथेच गेली. उरलेली अर्धी खरी होती. घाटात वळणातून बाहेर पडताना आतलं चाक फिरायचं, पिवळा दिवा लागायचा, कॉम्प्युटर ताकद कापायचा. त्यासाठी हेलिकल मागवला. किंमत सांगत नाही, काकू हे पान वाचतात. इम्पोर्ट ड्युटी धरून दोघांची बाली ट्रिप झाली असती, एवढं सांगते.

बसवणं हे वेगळंच प्रकरण निघालं. या पिढीच्या अनेक बीएमडब्ल्यूंमध्ये मोठं क्राउन व्हील बोल्टने बसवलेलं नसतं, वेल्ड केलेलं असतं. ते कापून, मशिनिंग करून नव्या डिफरन्शियलवर बसवावं लागतं. त्यात भोपळ्याचं माप इंजिन आणि गिअरबॉक्सप्रमाणे बदलतं, म्हणजे ‘३ सिरीजसाठी’ एवढंच लिहिलेला पार्ट मागवलात तर कपाटावर शोपीस म्हणून ठेवायची तयारी ठेवा. आपल्या गाडीच्या खोक्यावरचा नंबर वाचूनच ऑर्डर द्यायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बसवणाऱ्याकडे डायल गेज आहे का बघायचं. पिनियन आणि क्राउन व्हीलच्या दातांमधली फट मिलिमीटरच्या शतांशात जुळवावी लागते. अंदाजपंचे बसवली तर लाइफटाइम वॉरंटीवाला डिफरन्शियलही ऐंशीच्या स्पीडला शिट्टी वाजवत फिरतो आणि वर्षभरात दात खातो. मेकॅनिककाकांनी पूर्ण दीड दिवस घेतला. हजार किलोमीटरवर तेल काढून बघितलं, ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी बारीक लुकण होतं, तुकडे नव्हते. दादाने त्याचाही फोटो काढला. नव्या बाळाचे काढतात तसा.

कागदपत्रांचंही सांगते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, असा निकाल दिला होता. तो खटला गाडीच्या बांधणीतल्या बदलांचा होता, आणि पोटातला गिअर त्यात येतो की नाही यावर गॅरेजमध्ये हवी तेवढी भांडणं ऐकायला मिळतील. आम्ही भांडत बसलो नाही, इन्शुरन्स कंपनीला आधी लेखी कळवून त्यांचं उत्तर येईपर्यंत पार्ट खोक्यातच ठेवला. तीन आठवडे. दादाचे हाल बघवत नव्हते.

नोव्हेंबरमध्ये आम्ही परत मूलला गेलो. धानाची कापणी उरकत आली होती, मिलसमोर ट्रॅक्टरांची रांग होती. सिंदेवाहीपुढचं ते वळण आलं तेव्हा रस्ता कोरडा, उजेड भरपूर, टायर नवे, एलएसडी नवा. दादाने गाडी पन्नासने काढली. मी काही बोलले नाही, तोही नाही.

काकांना सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, ‘दाखव.’ ड्रायव्हरच्या सीटवर बसले, सीट मागे घेतली, आणि उजव्या टाचेने खाली चाचपायला लागले. मग वाकून मॅट उचलली.

‘पेडल कुठाय?’

‘काका, पेडल नसतं. आपोआप होतं.’

‘मंग लागलं का नाई, तुले समजते कसं?’

दादाने तोंड उघडलं आणि बंद केलं. काका गाडीतून उतरले, मागे जाऊन खाली बसले, टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घालून बघितलं.

‘टायर बेस घेतले,’ ते म्हणाले, आणि मिलकडे निघून गेले.